वच्छीआत्याची काउंटरपार्ट

चिंचदरी बुद्रुकमध्ये राहणाऱ्या प्रत्येक माणसाचा एक काउंटरपार्ट नदीपलीकडे चिंचदरी खुर्दमध्ये असतो, आणि एकाला ताप आला की तो दोघांना निम्मा निम्मा येतो. यात नवल वाटण्यासारखं काही नाही. दाढदुखी असो, हसू असो, लग्नातली लाज असो नाहीतर नापास झाल्याचा राग असो, जे येईल ते निम्मं इकडे, निम्मं तिकडे. उपकेंद्रातल्या सिस्टर गोळ्यांची पट्टी मधोमध कापतात आणि अर्धी पुलापलीकडे पाठवतात. मरण तेवढं निम्मं होत नाही. ते ज्याचं त्याला.

ही रीत फार जुनी, पण तिला नाव नव्हतं. नदीवरचा पूल दोन्ही काठांवरून एकदमच बांधायला घेतला, तेव्हा खुर्दाच्या बाजूचा ओव्हरसियर उठता बसता म्हणायचा, "थांबा, पलीकडच्या माझ्या काउंटरपार्टला विचारतो." गावाने तो शब्द उचलला तो उचललाच. 'जोडीदार' म्हणावं तर घरात बायको रुसते, 'भाऊबंद' म्हणावं तर बांधावरची भांडणं आठवतात. काउंटरपार्टला असलं काही चिकटलेलं नाही. तो म्हणजे समोरच्या काठावरचा, तुमच्या तोलाचा माणूस. शब्द वापरायचे नियमही पक्के आहेत. नवऱ्याला काउंटरपार्ट म्हणत नाहीत. वैऱ्याला म्हणता येतं. आणि हा शब्द कधी एकटा बाहेर पडत नाही, पुढे 'माझा', 'तुझा', 'तिचा' लागतोच. बाहेरगावची शिकलेली माणसं 'काउंटरपार्ट भेटले होते' असं मोघम बोलतात तेव्हा चिंचदरीची शेंबडी पोरंही तोंडावर हात ठेवून हसतात. अहो, कुणाचे भेटले होते?

जोड जमवतात ती पुलाच्या मधोमध, नारळ फोडून. एक भकल ह्याने खायचं, एक त्याने, झालं काम. तान्ह्या बाळांच्या जिभेवर नुसतं पाणी लावतात. बाळांचे नारळ दरीआईच्या जत्रेला फुटतात, आणि ज्याचा काउंटरपार्ट वारला त्याचा किंवा जी बाहेरून सून म्हणून आली तिचा कुठल्याही दिवशी.

जेवणाच्या वेळाही यावरूनच ठरल्या. निम्मंच तिखट लागतं म्हणून दोन्ही गावांत ठेचा दुप्पट मिरचीचा कुटतात. पण दोघं काउंटरपार्ट एकाच वेळी जेवले तर आपलं निम्मं आणि त्याचं निम्मं मिळून सगळंच तिखट दोघांच्या तोंडात येणार. तसं एकदा एका लग्नात चुकून झालं होतं आणि वऱ्हाड नदीत उभं राहिलं होतं. म्हणून बुद्रुक आधी जेवतं आणि खुर्द मागाहून. बुद्रुकाची पंगत बसली की खुर्दातली माणसं रिकाम्या तोंडाने हाशहुश करत ओट्यावर बसून असतात.

वच्छीआत्या थोरबोले एवढी सोडून.

वच्छीआत्या खुर्दाची, आणि तिला काउंटरपार्ट नव्हता. जन्मली त्या वर्षीच्या जत्रेत तिच्यासाठी तीन नारळ फोडले आणि तिन्ही नासके निघाले. चौथा आणायला लोक पळाले तेव्हा तिची आई पोरीला पदराखाली घेऊन उठली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. माझ्या पोरीचं निम्मं कुणी मागू नगा." तेव्हापासून वच्छीआत्याचं सगळं सबंध. विंचू चावला तो सबंध चावला. गोवर सबंध आला. नवरा लग्नानंतर लवकरच गेला, ते दुःखही तिने एकटीने, न वाटता, पार केलं. तिचं हसू तर बुद्रुकच्या चावडीपर्यंत ऐकू जायचं, कारण त्यातलं काही कुठे वळतं झालेलं नसायचं. दुप्पट मिरचीचा ठेचा ती सगळ्या जिभेने खाई आणि पाण्याच्या तांब्याकडे बघतही नसे.

म्हणूनच जत्रेचा मान तिचा होता. दरीआईला नैवेद्य ठेच्याचा, आणि तो सबंध तोंडाने खाल्ला तरच देवीला पोचतो असा दोन्ही गावांचा ठाम समज. चैत्रात देवळापुढे मांडी घालून वच्छीआत्या भाकरीवर मूठभर ठेचा घेऊन बसे आणि शेवटचा घास संपेपर्यंत भुवईसुद्धा हलवत नसे. बुद्रुक मोठं, बाजार बुद्रुकात, हायस्कूल बुद्रुकात, एस.टी.चा थांबा बुद्रुकात. पण सबंध माणूस खुर्दात! त्या एका दिवसावर खुर्द सगळं वर्ष छाती काढून चालायचं. आत्याचं तर काय सांगावं. 'तुझा काउंटरपार्ट', 'त्येचा काउंटरपार्ट' असं ती सगळ्यांसारखंच बोले, पण 'माझा काउंटरपार्ट' हे शब्द तिच्या तोंडून कधी निघाले नव्हते. त्याचा तिला केवढा गर्व होता!

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना थंडीच्या दिवसांत खुर्दातले हणमंत हवालदार वारले.

हवालदार फौजेतून निवृत्त झालेले, पिळदार मिशांचे गृहस्थ. बुद्रुकात चार वर्षांपूर्वी बार्शीकडून सून म्हणून आलेली केतकी देवकर ही त्यांची काउंटरपार्ट. केतकीला दिवस गेले तेव्हा निम्म्या ओकाऱ्या हवालदारांना झाल्या. पुढे डोहाळे लागले, तर हवालदार पारावर बसून मिशांना लागू न देता चिंचा खायचे आणि कोणी हसलं की म्हणायचे, "ड्युटी आहे." बाळंतपणाच्या निम्म्या कळाही तेच घेणार होते. त्यासाठी त्यांनी उपकेंद्रात जाऊन एक खाट पाहूनही ठेवली होती. आणि दिवस भरत आले असताना ते झोपेतच गेले.

चार दिवस उलटले आणि बुद्रुकचे सरपंच विश्वासराव जगदाळे पूल ओलांडून वच्छीआत्याच्या ओट्यावर येऊन बसले. बरोबर खुर्दाच्या सरपंच मालनताई होत्या. हे दोघे एकमेकांचे काउंटरपार्ट. खुर्दात येऊन काही मागायचं म्हणजे विश्वासरावांना मेल्याहून मेल्यासारखं होत होतं, आणि त्यातलं निम्मं मालनताईंना होत असल्यामुळे दोघेही सारखेच खाली मान घालून बसले होते.

"आत्या, विषय देवकरांच्या सुनेचा आहे," विश्वासराव म्हणाले. "तिला सध्या काउंटरपार्ट नाही."

"ठावं हाय."

"खुर्दात आज एकही माणूस मोकळा नाही. नवं बाळही कुणाकडे नाही. एकाला दोन काउंटरपार्ट करायचे तर दुसऱ्याला काय म्हणायचं हा प्रश्न येतो, आणि त्यासाठी आपल्याकडे शब्द नाही."

"मग तालुक्याला न्या की तिला. तिथं समद्या बाया सबंध बाळंत हुत्यात."

"ती जायला तयार नाही. आणि इथल्या सिस्टरनी हात वर केलेत. त्या म्हणतात, सबंध कळांची सोय आमच्याकडे नाही, आमच्या खाटा निम्म्या कळांच्या आहेत."

आत्याने सुपातले हरभरे पाखडायचे थांबवले नाहीत. "म्हंजी मी नारळ फोडावा असं म्हणनं हाय तुमचं."

"पंचायतीची तशी विनंती आहे."

"आणि चैत्रात देवीपुढं कोण बसंल? निम्म्या तोंडाची वच्छी?"

मालनताईंनी मान वर केली. आतापर्यंत त्या लाजेत होत्या, पण हा मुद्दा त्यांच्या गावाच्या वर्मावर बसला. "खरं सांगा विश्वासराव, आमचा मान मोडायला तर नाही ना आलात? खुर्दाकडे तेवढं एकच आहे."

"ताई, माझ्या मनात तसं काही असतं तर त्यातलं निम्मं तुमच्या मनात आलं असतं," विश्वासराव शांतपणे म्हणाले. मालनताईंनी मनात डोकावून पाहिलं. तिथे तसलं काही नव्हतं.

वच्छीआत्या उठली. "माझ्या आयनं सांगितलंय, हिचं निम्मं कुणी मागू नगा. तुम्ही मागितलंत. बुद्रुकचे सरपंच हाय म्हणून चा पाजते, दुसरा असता तर उंबऱ्यातूनच वाटेला लावला असता." आणि खरंच तिने चहा पाजला. विश्वासरावांनी आपला पिऊन होईपर्यंत मालनताई कपाला हात न लावता थांबल्या आणि मग त्यांनी आपला घेतला. मग दोघे उठून गेले.

ते गेल्यावर आत्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ती घरात येरझाऱ्या घालत राहिली आणि हवालदाराला शिव्या देत राहिली. मेला, थोडं थांबला असता तर काय बिघडलं असतं!

दुसऱ्या दिवशी दुपारी केतकी स्वतः आली. पोट सावरत, पूल एकटीने चालत. आत्याने दारातच तिला अडवलं.

"तुझ्या सरपंचाला सांगितलंय मी. परत मागायला येऊ नगंस."

"मी मागायला नाही आले, आत्या," केतकी म्हणाली. तिला दम लागला होता, पण नजर खाली नव्हती. "सरपंचांना मी पाठवलंच नव्हतं. ते आले हे कळलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला कुणाचं उसनं नको. मी विचारायला आलेय."

"काय इचारायला?"

"सबंध कसं सोसायचं ते."

आत्या बाजूला झाली. केतकी ओट्यावर टेकली.

"माझ्या आईने पाच बाळंतपणं सबंध काढली," ती म्हणाली. "आमच्याकडे सगळ्याच काढतात. मलाही यायचं की. पण इथे येऊन सवय मोडली बघा. परवा उंबऱ्याला अंगठा ठेचला, तर मी अर्ध्यावर थांबायची वाट बघत राहिले, आणि ते थांबेचना. लहान मुलीसारखी रडले. आणि..." ती थांबली. "हवालदार गेले त्याचंच मला काही सुधरत नाही. इथे कोणाचं माणूस गेलं की निम्मं दुःख त्याचा काउंटरपार्ट घेतो. माझं घ्यायला हवालदारच नाहीत. एवढं मोठं आहे ते, आत्या. कुठे ठेवू?"

वच्छीआत्याला आपल्या नवऱ्याची आठवण आली. तो गेला तेव्हा तीही केतकीएवढीच होती, आणि हे विचारायला तिला कोणी नव्हतं. डोळे भरून आले तिचे, आणि तिला त्याचा रागही आला. ती तरातरा आत गेली आणि भाकरी आणि पाट्यावरचा ठेचा घेऊन आली.

"खा."

"आत्या, नववा महिना आहे मला."

"घासभर खा. सबंध काय असतं त्ये सांगून कळत न्हाई. तोंडात घ्यायचं, आणि पळायचं न्हाई. त्ये येतं, वर चढतं, कानात जातं, आता मरतो असं वाटतं, आणि मग उतरतं. चढतंय तवर उतरंल याची वाट बघायची न्हाई. चढू द्यायचं. एवढंच हाय बघ समदं."

केतकीने भाकरीचा तुकडा मोडला, ठेचा घेतला आणि तोंडात घातला. तिचे कान लाल झाले, नाकातून पाणी आलं, डोळे वाहायला लागले. आत्याने मुद्दाम पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी सरकवला. केतकीने तांब्याकडे पाहिलं, आणि तो हाताने परत सरकवला. मग ती हवालदारांसाठी रडली. मोठ्याने, हुंदके देऊन, बुद्रुकच्या चावडीपर्यंत ऐकू जाईल अशी. आत्या शेजारी बसून राहिली.

रडणं आपलं आपण थांबलं तेव्हा केतकी म्हणाली, "उतरलं."

"उतरतंच," आत्या म्हणाली.

"आता जमेल मला." केतकीने पदराने तोंड पुसलं आणि हात टेकून उठायला लागली. तिने खरोखरच आणखी काही मागितलं नाही. अंगणाच्या कडेपर्यंत पोचलीसुद्धा.

वच्छीआत्याने आयुष्यात निम्मं मागणारी पुष्कळ माणसं पाहिली होती. तांब्या परत सरकवणारं माणूस तिने दुसरं पाहिलं नव्हतं. ही पलीकडच्या काठावरची होती, आणि आत्याएवढीच ताठ होती. आत्याचा ऊर भरून आला, आणि तो गर्वानेच भरून आला, पण या वेळी गर्व स्वतःचा नव्हता.

"थांब पोरी," ती म्हणाली. "चप्पल घालते. पुलावर जाऊ."

पुलावर जातायत ही बातमी दोन्ही गावांत त्यांच्या आधी पोचली. नारळ विश्वासरावांनी दिला. खुर्दाची माणसं कठड्याला टेकून तोंडं पाडून उभी होती आणि मालनताईंच्या डोळ्यांत पाणी होतं; विश्वासरावांच्याही होतं, पण ते मालनताईंचंच निम्मं. हा आत्याचा चौथा नारळ. नासका निघावा अशी प्रार्थना खुर्दातल्या निदान अर्ध्या लोकांनी केली असेल. आत्याने तो कठड्यावर एका घावात फोडला. खोबरं पांढरंशुभ्र निघालं. तिने एक भकल केतकीला दिलं, एक स्वतः खाल्लं, आणि गर्दीकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाली, "बघताय काय? ही माझी काउंटरपार्ट."

शेंबडी पोरंही हसली नाहीत. नियमाप्रमाणे शब्द बिनचूक वापरला होता.

कळा पुढच्याच आठवड्यात सुरू झाल्या. केतकी एका खाटेवर, आत्या हवालदारांनी पाहून ठेवलेल्या खाटेवर. निम्म्या कळांना आत्या काय जुमानणार? तिने त्या दात न खाता घेतल्या आणि मधूनमधून "चढू दे, पोरी, चढू दे" असं ओरडत राहिली. सिस्टर म्हणाल्या की अशी बाळंतीण त्यांनी पाहिली नव्हती, आणि त्या नेमकं कोणाबद्दल बोलत होत्या ते त्यांनी सांगितलं नाही. मग मुलगी झाली. त्या क्षणी केतकीला जे वाटलं त्यातलं निम्मं वच्छीआत्याला वाटलं. आत्याला मूलबाळ नव्हतं. जन्मभर सगळं सबंध घेणाऱ्या त्या बाईने नंतर सगळ्यांना सांगितलं, की आजवरच्या कुठल्याही सबंध गोष्टीपेक्षा ते निम्मं मोठं होतं. असं सांगताना ती कोणाला लाजली नाही.

चैत्र आला. जत्रेदिवशी खुर्दातून देवळाकडे माणसं निघाली ती मयताला निघाल्यासारखी. मान आता कोणाला द्यायचा यावर दोन्ही पंचायतींची बैठक झाली होती आणि काही ठरलं नव्हतं. वेळ झाली तेव्हा वच्छीआत्या नेहमीसारखी देवळापुढे जाऊन मांडी घालून बसली. आणि केतकी जाऊन तिच्यासमोर बसली. दोघींपुढे भाकरी, दोघींच्या भाकरीवर मूठभर ठेचा.

पुजारी पुढे आला. "आत्या, असं कसं? नैवेद्य सबंध तोंडानं खायचा असतो."

"एका वेळी खानार हाय आमी," आत्या म्हणाली. "माजं निम्मं आन् तिचं निम्मं माज्या तोंडात. तिचं निम्मं आन् माजं निम्मं तिच्या तोंडात. कर हिशेब, कुटं कमी पडतंय?"

पुजाऱ्याने हिशेब केला. मग विश्वासराव आणि मालनताईंनी मिळून केला, आणि कुठेच काही कमी पडत नव्हतं. जे लग्नात चुकून झालं की वऱ्हाड नदीत उभं राहतं, ते या दोघी मुद्दाम करणार होत्या.

दोघींनी पहिला घास एकदम उचलला. घास बरोबरीने उचलले जात होते, बरोबरीने चावले जात होते. केतकीचे कान लाल झाले, पण भुवई हलली नाही. आत्याची तर हलणारच नव्हती. शेवटचा घास संपला आणि खुर्दातून अशी आरोळी उठली की देवळाच्या कळसावरचे पारवे उडाले. मागोमाग बुद्रुकातूनही उठली. आता मान कोणाचा, खुर्दाचा की बुद्रुकचा, हे विचारायचं त्या गडबडीत राहून गेलं.

मग बाळांचे नारळ झाले. केतकीच्या मुलीची जोड खुर्दातल्या साळुंख्यांच्या पोराशी ठरली होती. पहिला नारळ फोडला, नासका. दुसरा नासका. तिसरा मालनताईंनी स्वतः हलवून, कानाशी वाजवून निवडला होता, तोही नासका. चौथा आणायला लोक पळाले.

वच्छीआत्याने फुटलेलं भकल उचलून नाकाशी धरलं. "आय सांगायची," ती म्हणाली, "अस्साच वास हुता."

केतकी पोरीला पदराखाली घेऊन उठली. "राहू द्या," ती म्हणाली. "माझ्या मुलीचं निम्मं कुणी मागू नका."

साळुंख्यांच्या पोराला बुद्रुकातलं दुसरं बाळ मिळालं. म्हणजे आता सबंध माणूस बुद्रुकात आलं होतं. विश्वासरावांची छाती एवढी फुगली की सदऱ्याचं बटण ताणलं, आणि त्यातला निम्मा अभिमान मालनताईंना झाल्यामुळे त्यांना रागावताच येईना. वच्छीआत्या आणि केतकीला तर एकाच वेळी अभिमान वाटत होता, त्यामुळे दोघींनाही तो सबंध वाटत होता. पोरीने तोंड उघडलं आणि भोकाड पसरलं. ते दोन्ही काठांवर ऐकू गेलं.

"रड," वच्छीआत्या तिला म्हणाली. "समदं तुझंच हाय."

मग ऊन चढलं, तसं बुद्रुक जेवायला गेलं, आणि खुर्द हाशहुश करत पारावर बसून राहिलं.